वैरणीची जोडी

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? गाईच्या पोटात नाही ते कासेत कुठून उतरणार? आपण चांगली दुभती गाय आणतो. तिच्यापुढं नुसता वाळला कडबा टाकतो. थोड्याच दिवसांत दूध आटतं. मग आपण गाईलाच नावं ठेवतो. दोष गाईचा नाही, दोष गव्हाणीचा आहे.

गाईला दोन तऱ्हेचा चारा लागतो. एक पोट भरणारा, दुसरा ताकद देणारा. मका, ज्वारी, बाजरी ही गवताच्याच कुळातली पिकं. त्यांनी पोट भरतं. चवळी आणि लसूणघास ही शेंगांच्या कुळातली. त्यांच्यात दूध वाढवणारी प्रथिनं जास्त असतात. पण नुसती हिरवीगार चवळी किंवा लसूणघास भरपूर खाऊ घातला, तर गाईचं पोट फुगतं. म्हणून दोघांची जोडी जमवावी.

ही जोडी कशी पेरायची? मक्याच्या दोन ओळी आणि चवळीची एक ओळ, असं पेरावं. दोन ओळींत एक फूट अंतर ठेवावं. एकरी मक्याचं बी २० किलो आणि चवळीचं ५-६ किलो पुरतं. चवळीच्या मुळांवर गाठी असतात. त्या हवेतला नत्र धरून ठेवतात. त्यामुळं जमिनीलाही फायदा होतो.

साधारण ६० ते ६५ दिवसांत मक्याला तुरा येतो. तेव्हापासून कणसात दूध भरेपर्यंत चारा कापावा. कुट्टी करून घातला तर वाया जात नाही. दुभत्या गाईला दिवसाला २० ते २५ किलो हिरवा चारा आणि ५-६ किलो कडबा द्यावा.

आता हिशेब पाहू. खत-पाणी नीट असलं, तर एका गुंठ्यात सुमारे ४०० किलो हिरवा चारा निघतो. तो एका गाईला पंधरवडाभर पुरतो. सगळा चारा एकदम पेरला, तर एकदम तयार होतो आणि पुढं वाळून जातो. म्हणून विहिरीला पाणी असेल, तर दर पंधरा दिवसांनी एक-एक गुंठा पेरावा. असे पाच गुंठे आळीपाळीनं ठेवले, की एका गाईचा हिरवा चारा तुटत नाही.

मक्याऐवजी ज्वारी पेराल, तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. कोवळ्या ज्वारीत विष असतं. पाण्याचा ताण पडलेल्या ज्वारीत आणि कापल्यावर बुडख्यातून फुटणाऱ्या कोंबांत ते जास्त असतं. असा चारा खाल्ला की गाय धापा टाकते, थरथरते, खाली पडते. थोड्या वेळात जीवही जातो. सगळ्या घराचा आधार एका घासात जातो. म्हणून ज्वारी फुलोऱ्यात आल्याशिवाय कापू नये. कापलेल्या रानात गाय मोकळी सोडू नये. तरी असं घडलंच, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. जनावरांच्या डॉक्टरांना ताबडतोब बोलवावं. त्यावर इंजेक्शन आहे, पण ते वेळेवर मिळालं पाहिजे.

पाटाच्या कडेला संकरित नेपिअर गवताचे ठोंब लावावेत. बाजरी आणि हत्तीगवत यांच्या संकरातून हे गवत झालं आहे. पहिली कापणी अडीच महिन्यांनी येते. पुढं दीड-दोन महिन्यांनी कापत राहावं. एकदा लावलं की तीन वर्षं तरी चालतं.

यंदा पाऊस पडला की एक गुंठा तरी मका-चवळी पेरून बघू या. चरवी आपोआप सांगेल.