नाजूक त्वचेसाठी फेसवॉश: आधी कारण, मग बाटली

‘डॉक्टर, माझी स्किन फार सेन्सिटिव्ह आहे, पण चेहरा निस्तेज दिसतो. एक्सफोलिएटिंग फेसवॉश वापरला तर चालेल का?’ कॉलेजच्या मुलींपासून पन्नाशीच्या गृहस्थांपर्यंत अनेक जण हा प्रश्न विचारतात. बहुतेकांसाठी उत्तर ‘चालेल’ असेच आहे. मात्र त्याआधी त्वचेवरचा मृत थर काय काम करतो आणि तुमची त्वचा मुळातच नाजूक आहे की तशी झाली आहे, हे पाहायला हवे.

मृत थर म्हणजे मळ नव्हे

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशींचे साधारण १५ ते २० पदर असतात. या पेशी म्हणजे विटा, तर त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे सिमेंट. ही भिंत आतले पाणी आत राखते आणि धूळ, जंतू, रसायने बाहेर ठेवते. तळाशी तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला तरुणपणी सुमारे चार आठवडे लागतात. वयानुसार हा काळ वाढतो. म्हणजे त्वचा स्वतःची सफाई रोज करतच असते. एक्सफोलिएशनने त्या कामाला फक्त हातभार लावायचा असतो.

टाचेला वज्री चालते, गालाला नाही. खरखरीत स्क्रब, टॉवेलने जोरात घासणे हे नाजूक त्वचेला सोसत नाही. ‘घरगुती म्हणजे निर्धोक’ हाही गैरसमजच. चेहऱ्याचा पीएच साधारण ५ असतो, तर लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास. लिंबू लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळे डाग पडू शकतात. उलट अंगाच्या साध्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. त्यानेही त्वचा ओढल्यासारखी कोरडी होते.

चुणचुण हा पुरावा नव्हे

‘चुणचुणतंय म्हणजे काम करतंय’ असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात जळजळ आणि लाली म्हणजे भिंतीला तडा गेल्याची खूण असते. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत दाह शमला तरी मागे काळसर डाग राहतो आणि तो जायला कित्येक महिने लागतात. उजळपणासाठी केलेला उपाय असा उलटतो.

फेसवॉश चेहऱ्यावर अर्धा-एक मिनिटच राहतो, म्हणून त्यातले आम्ल सीरमपेक्षा सौम्यपणे काम करते. नाजूक त्वचेसाठी लॅक्टिक किंवा मॅन्डेलिक आम्ल, अथवा ग्लुकोनोलॅक्टोन असलेले उत्पादन निवडावे. ग्लायकोलिक आम्लाचे रेणू लहान असल्याने ते लवकर आत शिरते आणि जास्त झोंबू शकते. तेलकट, मुरुमांच्या त्वचेला सॅलिसिलिक आम्ल उपयोगी पडते. सुगंधी द्रव्ये असलेली बाटली टाळावी. ‘हायपोअलर्जेनिक’ हा शब्द म्हणजे हमी नव्हे.

‘सेन्सिटिव्ह’ झाली कशी?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. काही महिन्यांपासूनच चेहरा लाल होऊ लागला असेल, उन्हात आग होत असेल, बारीक रक्तवाहिन्या दिसत असतील, तर आधी कोणते क्रीम लावत होता ते आठवा. गोरेपणासाठी, मुरुमांसाठी किंवा खाजेसाठी मैत्रिणीने वा दुकानदाराने सुचवलेल्या मलमात स्टिरॉइड असू शकते. सुरुवातीला चेहरा उजळतो. नंतर त्वचा पातळ होते आणि मलम थांबवताच भडकते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी ती सर्रास मिळतात. अशा त्वचेवर कोणताही एक्सफोलिएटिंग फेसवॉश वापरू नये. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. सरकारी रुग्णालयांतही ही सेवा मिळते. इसब किंवा रोझेशिया असणाऱ्यांनीही आधी सल्ला घ्यावा.

वापरून पाहताना

• आठवडाभर रोज कोपराच्या आतल्या बाजूला लावून अर्ध्या मिनिटाने धुवा. खाज, पुरळ आले नाही तरच चेहऱ्याकडे वळा.

• सुरुवातीला आठवड्यातून एकदा, रात्री. बोटांनी हलके फिरवा, साध्या पाण्याने धुवा, टॉवेलने टिपा आणि लगेच मॉइश्चरायझर लावा. इतर दिवशी साधा, सौम्य फेसवॉश पुरे.

• दुसऱ्या दिवशी सकाळी एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन लावाच.

• थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा दाढीनंतर एक-दोन दिवस थांबा. मुरुमांसाठी अ‍ॅडापॅलिन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड चालू असेल, तर डॉक्टरांना विचारून ठरवा.

• एका वेळी एकच नवे उत्पादन आणा. नाहीतर त्रास कशाने झाला ते कळत नाही.

• महिनाभर वाट पाहा. त्वचेच्या एका फेऱ्याला तेवढा वेळ लागतोच.

मध्येच जळजळ, लाली किंवा सोलवटणे सुरू झाले तर बाटली बाजूला ठेवा. साधा फेसवॉश आणि मॉइश्चरायझर एवढ्यावर राहा. आठवडाभरात आराम पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. आणि एक्सफोलिएशन केलेच नाही, तरी त्वचेचे काहीही अडत नाही.