दमदमची गोळी

कोलकात्याला विमानाने गेलात तर तुम्ही दमदमला उतरता. मेट्रोचं स्टेशनही त्याच नावाचं आहे. पण जगभरच्या युद्धकायद्याच्या पुस्तकांत 'दमदम' म्हणजे गाव नव्हे, बंदुकीची गोळी!

इंग्रजांचा तिथे दारूगोळ्याचा कारखाना होता. १८९०च्या दशकात सैन्यात ली-मेटफर्ड रायफल आली. तिची गोळी बारीक, वेगवान आणि पूर्ण धातूच्या आवरणातली. वायव्य सरहद्दीवरून तक्रार आली की ही गोळी माणसाच्या आरपार जाते, पण माणूस काही थांबत नाही. मग कारखान्यातल्या कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकावरचं आवरण काढून आतलं शिसं उघडं ठेवलं. आता गोळी शरीरात शिरली की टोक चेपून पसरायचं आणि जखम गोळीपेक्षा कितीतरी मोठी व्हायची. १८९७-९८च्या तिराह मोहिमेत ती आफ्रिदी पठाणांवर वापरली गेली.

१८९९मध्ये रशियाच्या झारच्या पुढाकाराने हेगला शांतता परिषद भरली. तिथे अशा पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा प्रस्ताव आला. ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांचा युक्तिवाद आज वाचताना अंगावर काटा येतो: सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की मागे फिरतो, 'रानटी' मात्र दोन-तीन गोळ्या लागल्या तरी धावून येतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी. ब्रिटन आणि अमेरिकेने विरोध केला, तरी घोषणापत्र मंजूर झालं. ब्रिटनने ते स्वीकारलं १९०७मध्ये.

पण त्यातही मेख होतीच. ही बंदी फक्त करारात सामील असलेल्या देशांच्या आपसातल्या युद्धाला लागू होती. आफ्रिदींची सही कोण घेणार होतं? म्हणजे ज्यांच्यासाठी गोळी घडवली, नेमके तेच कायद्याच्या बाहेर.

बंदीमागचं तत्त्व मात्र जुनं आहे. १८६८च्या सेंट पीटर्सबर्ग घोषणापत्राने ४०० ग्रॅमपेक्षा हलके स्फोटक गोळे निषिद्ध ठरवले. कारण दिलं ते असं: युद्धाचा रास्त हेतू शत्रूचं सैन्य दुबळं करणं एवढाच, माणूस लढू शकत नाही एवढं झालं की पुरे, त्यापलीकडे त्याच्या यातना वाढवणारं शस्त्र नको. 'अनावश्यक यातना' हा शब्दप्रयोग पुढे रुळला. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मी त्या विशेषणापाशी अडते. अनावश्यक म्हटलं की आवश्यक यातनाही आल्याच, आणि कायदा त्या मुकाट मान्य करतो. तरीही मला हे विशेषण मोलाचं वाटतं. भूसुरुंग, डोळे आंधळे करणारे लेझर यांच्याविरुद्धचे पुढचे करार त्याच्याच आधाराने उभे राहिले.

गंमत म्हणजे (गंमत तरी कशी म्हणायची?) युद्धात निषिद्ध असलेली पसरणारी गोळी अनेक देशांचे पोलीस वापरतात. त्यांचं म्हणणं, गर्दीत गोळी एकाच्या आरपार जाऊन मागच्याला लागू नये. हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. पोलीस आणि सैनिक यांचं काम वेगळं, जागाही वेगळी.

रोम करारानुसार आंतरराष्ट्रीय युद्धात अशी गोळी वापरणं हा युद्धगुन्हा आहे. देशांतर्गत सशस्त्र संघर्षासाठी तीच तरतूद २०१०मध्ये कंपालाच्या परिषदेत आली, पण ती दुरुस्ती मान्य करणाऱ्या देशांपुरतीच. भारत मूळ रोम करारातच सामील नाही.