मेण, वात आणि सुगंध
(द्वितीय वर्ष, कला)

मेणबत्तीला आपल्याकडे फारसा मान कधी मिळाला नाही. देवापुढे समई आणि निरांजन, दिवाळीला पणती, आणि वीज गेली की फडताळात चाचपडत शोधायची ती मेणबत्ती! ख्रिस्ती बांधवांची गोष्ट वेगळी. वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या जत्रेत तर दर सप्टेंबरात हात, पाय, घर, बाळ अशा आकारांच्या मेणाच्या वस्तू नवसाला वाहिल्या जातात. आता घरोघरी चार्जिंगचे दिवे आले आणि वीज गेल्यावरही मेणबत्ती आठवेनाशी झाली. तरी ती संपली मात्र नाही. उजेड देण्याचे जुने काम सुटले, तशी ती सुगंध देण्याच्या नव्या कामावर रुजू झाली.

गेली दोन वर्षे माझी आई बचत गटाच्या आधाराने घरी सुगंधी मेणबत्त्या करते. माझी फी त्यातूनच भरली जाते. तेव्हा या विषयात माझा स्वार्थ आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. मेणाच्या आणि तेलाच्या डब्यांवरील सूचना इंग्रजीत असतात. त्या वाचून आईला सांगणे हे माझ्याकडचे काम. आई चौथी शिकलेली. पण ‘असे का?’ हा प्रश्न ती कधी सोडत नाही. तिच्या त्या प्रश्नांची उत्तरे शोधताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवते.

‘मेण’ हा शब्द आपण मधमाश्यांच्या पोळ्यावरून घेतला. पण बाजारात मिळते ते पांढरे मेण मधमाशीचे नव्हे, खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून निघणारे पॅराफिन. प्रतीप्रमाणे ते साधारण ५० ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात दहा टक्के स्टिअरिक ॲसिड घातले की मेणबत्ती टणक आणि दुधासारखी पांढरी होते व साच्यातून सहज सुटते. सोयाबीनच्या तेलापासून केलेले मेणही मिळते; ते मऊ असल्याने ग्लासात ओतायच्या मेणबत्तीलाच बरे.

मेणबत्तीत नेमके जळते काय? वात, असे आपण चटकन म्हणू. पण ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळते, वातीच्या धाग्यांतून केशाकर्षणाने वर चढते, टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. खात्री करायची असेल तर पेटती मेणबत्ती हळूच मालवावी आणि वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेघेला काडी लावावी. वातीला स्पर्श न होताही ज्योत उडी मारून खाली येते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते! मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी केवळ मेणबत्ती या एका विषयावर सहा व्याख्याने दिली. ती पुढे पुस्तकरूपाने आली. शब्दकोश जवळ ठेवून मी ते पुस्तक वाचले. फॅरडे हा लोहाराचा मुलगा; वयाच्या चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागलेला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकलेला. हे कळल्यावर ते पुस्तक मला जास्त जवळचे वाटले.

वातीचीही एक गंमत आहे. समईची वात आपण पिळून किंवा वळून करतो आणि ती अधूनमधून सारावी लागते. मेणबत्तीची वात विणलेली असते, वेणीसारखी. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये कांबासेरेस याने ही विणलेली वात काढली. जळताना तिचे टोक वाकून ज्योतीच्या कडेला येते आणि तिथे आपोआप जळून जाते; त्यामुळे काजळी धरत नाही. वात फार बारीक असेल तर मेणबत्तीत मधोमध विहीर पडते आणि कडेचे मेण तसेच राहते. फार जाड असेल तर ज्योत मोठी होऊन धूर करते. म्हणून ग्लासाच्या रुंदीप्रमाणे वात निवडायची.

आता सुगंधाकडे वळू. सुगंध ज्योतीतून येतो असे वाटते. पण ज्योतीत सापडलेले सुगंधी तेल बहुतेक जळूनच जाते. खरा वास येतो तो ज्योतीभोवती साचलेल्या वितळलेल्या मेणाच्या तळ्यातून. तळे जितके पसरट, तितका दरवळ जास्त. म्हणूनच नवी मेणबत्ती प्रथम लावली की मेण कडेपर्यंत वितळेस्तोवर मालवू नये. तेल मात्र मेणात मिसळणारेच हवे. गुलाबपाणी चालत नाही. पाणी आणि मेण एक होत नाहीत आणि ज्योत तडतडते. अंगाला लावायच्या सेंटमध्ये अल्कोहोल असते. ते गरम मेणात घालणे धोक्याचे. ताजी फुले घातली तर त्यांतले पाणी आड येते, आणि वाळलेल्या पाकळ्या वातीजवळ असल्या तर पेट घेतात. गवती चहाचे, वाळ्याचे किंवा निलगिरीचे तेल वापरता येते. रंगासाठी मेणाचे खडू किसून घालू नयेत. त्यातले कण वातीत अडकून ज्योत मंदावते. तेलात विरघळणारा रंग घ्यावा.

आमच्याकडची कृती अशी. चहाचे जाड काचेचे लहान ग्लास आम्ही वापरतो. एकात साधारण ८० ग्रॅम मेण मावते. म्हणजे किलोभर मेणात बारा ग्लास भरतात. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात मेणाचा डबा ठेवायचा. मेण पूर्ण वितळून ७५-८० अंशांवर आले की डबा बाहेर काढायचा, गॅस बंद करायचा आणि मगच किलोला ७० ग्रॅम या प्रमाणात सुगंधी तेल घालून दोन मिनिटे हळुवार ढवळायचे. कोमट केलेल्या ग्लासात मेणात बुडवून ताठ केलेली वात मधोमध धरून ओतायचे. थिजताना मेण आकसते आणि वातीभोवती खळगा पडतो. थोडे मेण राखून ठेवून तो दुसऱ्यांदा भरायचा. कढवलेले तूप थिजते तेव्हा मधे कसा खळगा पडतो, हे आईला आधीपासून ठाऊक होते; हे कारण तिला सांगावे लागले नाही. दोन दिवस झाकून ठेवल्यावर वात पाव इंच राखून कापायची.

मेण थेट आचेवर का ठेवायचे नाही, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. उकळते पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणून त्यात ठेवलेले मेणही जात नाही. पॅराफिनच्या वाफा पेट घेतात त्या दोनशे अंशांच्या आसपास. थेट आचेवर मेण तिथवर केव्हा पोहोचले ते डोळ्यांना कळत नाही. मेण पेटलेच तर पाणी मुळीच ओतू नये! पाणी जड असल्याने तळाशी जाते, क्षणात त्याची वाफ होते आणि पेटते मेण चहूकडे उडते. गॅस बंद करून झाकण टाकावे. हवा तुटली की आग विझते. उरलेले मेण मोरीत ओतू नये. ते थिजून नळी तुंबते. आणि खोली बंद करून मेणबत्ती लावून झोपू नये.

या धंद्यात मेणापेक्षा सुगंधी तेल महाग, आणि सगळ्यांत स्वस्त धरली जाते ती बाईची मेहनत. गटातल्या बायका हिशेबात मेण, तेल, वात, ग्लास सारे मांडतात. स्वतःचे तास मांडत नाहीत. अर्थशास्त्राच्या तासाला शिकलेला ‘उत्पादन खर्च’ मी आईच्या वहीत लिहिला, तेव्हा किंमत वाढली आणि गिऱ्हाईक थोडे कमी झाले. पण प्रत्येक ग्लासामागे हाती काही उरू लागले. हा व्यवसाय मोठाही होऊ शकतो. महाबळेश्वरला भावेश भाटिया यांनी स्वतः दृष्टिहीन असताना १९९४ मध्ये ‘सनराईज कँडल्स’ सुरू केले आणि अनेक दृष्टिहीनांना काम दिले.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने मेण आणि तापमान यांवर लिहावे का, असे कुणी विचारील. पण ‘पाणी ओतू नका’ हे वाक्य ज्या डब्यावर छापलेले असते, तो डबा वापरणाऱ्या बाईला ते वाचता येत नाही. ही अडचण विज्ञानाची नाही, भाषेची आहे. आणि भाषा तर आपण शिकतोच! आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी खताचे पोते, औषधाची बाटली, यंत्राची पुस्तिका असे काही ना काही न वाचता पडलेले असते. ते वाचून, समजून, सोप्या मराठीत घरच्यांना सांगणे एवढे तरी आपल्या शिक्षणाने करावे.