पंचांचा परीक्षक

फुटबॉलच्या खेळाडूंचे गुणदोष सारें जग बोलून दाखवितें. परंतु शिट्टी हातीं धरून मैदानभर धांवणाऱ्या पंचाचे गुणदोष कोण टिपतो व कशासाठीं टिपतो, याची कल्पना टेलिव्हिजनपुढें रात्र रात्र जागणाऱ्या आमच्या तरुण वाचकांनाही बहुधा नसेल. आपला पक्ष हरला म्हणजे पंचाला चार दूषणें देऊन ते झोपीं जातात. तिकडे प्रेक्षकांच्या सज्जांत मात्र एक गृहस्थ टिपणवही घेऊन बसलेला असतो, आणि त्याचें लक्ष चेंडूपेक्षां पंचाकडेच अधिक असतें. यालाच निरीक्षक म्हणतात. बहुधा तो स्वतः निवृत्त पंचच असतो.

खेळाच्या नियमावलींतील पांचवा नियम सांगतो कीं, खेळांतील घटनांविषयीं पंचाचा निर्णय अंतिम होय. निरीक्षकाला तो फिरवितां येत नाहीं. त्याचा उपयोग पुढच्या सामन्यांसाठीं. या पंचाला वरच्या दर्जाचें काम सोंपवावें कीं नाहीं, हें ठरवितांना अशा अहवालांना मोठें वजन असतें. पंच घटनेच्या किती जवळ पोंचला, कोणत्या कोनांतून पाहत होता, तापलेल्या खेळाडूला शब्दानें शांत केलें कीं एकदम कार्ड काढलें, साहाय्यक पंचांशीं त्याचा मेळ कसा होता, हें सारें त्या वहींत उतरतें.

यूएफा या युरोपांतील मध्यवर्ती संस्थेची गुणपद्धति पाहण्यासारखी आहे. गुण दहांपैकीं; पण सारा व्यवहार दशांशांचा. अपेक्षेप्रमाणें काम पार पाडलें तर 8.3 किंवा 8.4. कठीण व महत्त्वाचे निर्णय अचूक दिले तर 8.5 आणि त्याहून वर. मात्र बाकी सारें उत्तम असूनही एक ढळढळीत व महत्त्वाची चूक घडली, उदाहरणार्थ नसती पेनल्टी दिली, तर 7.9! नव्वद मिनिटांचे श्रम एका शिट्टीनें आठाच्या खालीं घसरतात. कित्येकांना हें निर्दयपणाचें वाटेल. आम्हांला तसें वाटत नाहीं. कारण त्याच एका शिट्टीनें एखाद्या संघाची वर्षभराची मेहनतही धुळीस मिळूं शकते.

आमची शंका निराळी आहे. चूक झाली, एवढें आंकडा सांगतो. कां झाली, हें तो सांगत नाहीं. जोहान्सबर्ग येथें 11 जुलै 2010 रोजीं विश्वचषकाचा अंतिम सामना स्पेन व नेदरलंड्स यांच्यांत झाला. पंच होते इंग्लंडचे हॉवर्ड वेब. पूर्वार्धांतच नायजेल डी याँग याच्या बुटाचा तळ शाबी अलोन्सोच्या छातीवर आदळला. वेब यांनीं पिवळें कार्ड दाखविलें. द्यावयास हवें होतें लाल. मध्यें दुसरा खेळाडू आल्यानें आपणांस नीट दिसलें नाहीं, असें त्यांनीं पुढें स्वतःच सांगितलें. आमचे नैयायिक म्हणतील कीं, इंद्रिय व विषय यांचा सन्निकर्षच घडला नाहीं, तेथें प्रत्यक्ष ज्ञान कोठून होणार? आतां दुसरें उदाहरण घ्या. 22 जून 2006 रोजीं स्टुटगार्ट येथें क्रोएशिया व ऑस्ट्रेलिया यांच्या सामन्यांत ग्रॅहॅम पोल यांनीं योसिप शिमुनिच याला दोन पिवळीं कार्डें देऊनही मैदानांत राहूं दिलें आणि तिसरें दिल्यावर मग बाहेर काढलें. दुसऱ्या कार्डाची नोंद ऑस्ट्रेलियाच्या 3 नंबरच्या खेळाडूवर पडली होती. येथें डोळ्यांनीं दगा दिला नव्हता. दगा दिला तो टिपणानें. पहिल्याला उपाय म्हणजे दोन पावलें बाजूला सरकून उभें राहणें. दुसऱ्याला, लिहिलेलें साहाय्यकाकडून ताडून घेणें. दोघांनाही 7.9 म्हटलें, तर शिकावयाचें तें कोणी काय शिकावें?

इंग्लंडच्या प्रीमियर लीगनें 2022-23 च्या हंगामांत पांच जणांचें एक मंडळ नेमून त्यांत तिघे माजी खेळाडू वा प्रशिक्षक बसविले. वादग्रस्त निर्णय बरोबर कीं चूक, हें तें मतानें ठरवी. लोकांच्या समाधानाला तें ठीक. पंचाला उपयोगी पडतें तें मात्र सामन्यानंतर त्याच्याशीं समक्ष झालेलें बोलणें.

शाळेंत पस्तीस वर्षें काढल्यामुळें तपासणी हा शब्द आमच्या चांगल्या परिचयाचा. एक तपासनीस येत, चहा घेत आणि शेरेबुकांत ‘ठीक’ एवढेंच लिहून जात. दुसरे एक आले ते मुकाट्यानें मागच्या बाकावर जाऊन बसले. तास संपल्यावर म्हणाले, “मास्तर, दुपारच्या उन्हानें फळा या बाकावरून चकाकतो. तो जरा तिरपा करवून घ्या.” त्यांनीं किती गुण दिले तें आम्हांस कधींच कळलें नाहीं, फळा मात्र तिरपा झाला. चांगला निरीक्षक या दुसऱ्या जातीचा. तो निकाल सांगण्याआधीं विचारतो, “त्या वेळीं आपण कोठें होतां? आपणांला काय दिसलें?” आणि मग दोन किंवा तीनच गोष्टी सांगतो. वीस दोष ऐकून घेणारा मनुष्य विसावा दोष येईपर्यंत पहिला विसरलेला असतो.

तरीही एक पेंच उरतोच. ज्याच्या हातीं बढतीचा आंकडा, त्याच्यापाशीं मन कोण मोकळें करणार? इंग्लंडांत नवशिक्या पंचांसाठीं गुण न देणारे मार्गदर्शक असतात, ही व्यवस्था आम्हांला फार शहाणपणाची वाटते. तेथें चौदाव्या वर्षापासून पंच होतां येतें. रविवारीं सकाळीं मुलांच्या सामन्यांत असा पोरगा शिट्टी घेऊन उभा असतो, आणि खेळणाऱ्यांचे वडीलच त्याच्यावर ओरडतात. 2023 मध्यें तेथील संघटनेनें अशा स्थानिक सामन्यांतील प्रौढ पंचांच्या छातीवर कॅमेरे लावून पाहिले, इतका हा उपद्रव वाढला. अशा पोराजवळ सामना संपतांच मार्गदर्शक जातो. त्याच्या हातांत कागद नसतो. तो प्रथम एवढेंच विचारतो, “आज तुला काय साधलें असें वाटतें?”