ट्रिगर आणि १०१ वी क्वेरी

सेल्सफोर्सवर कोडिंग शिकायला खिशाला चाट नाही. डेव्हलपर एडिशन फुकट मिळते. भाषा एपेक्स, जावाचा पेपर सुटलेल्याला ओळखीचीच वाटेल. ट्रिगर म्हणजे रेकॉर्ड सेव्ह होताना आपोआप चालणारा कोड. त्याच रेकॉर्डमधलं काही बदलायचं तर 'बिफोर' वापरा, नव्या रेकॉर्डचा आयडी हवा असेल तर 'आफ्टर'.

खरी गोम पुढेच आहे. ट्रिगरच्या हातात एका वेळी २०० पर्यंत रेकॉर्ड येतात. आमच्या मजल्यावरचे ज्युनियर हमखास फॉर लूपच्या आत क्वेरी लिहितात. एक रेकॉर्ड टाकून बघितलं की चालतं, पोरं खूश! पण नेहमीच्या एका ट्रान्झॅक्शनला फक्त १०० क्वेरी. सर्व्हर सगळ्यांचा मिळून, मेसच्या भाजीसारखा. एकट्यानेच पातेलं रिकामं करायचं नाही. १०१ वी क्वेरी आली की एरर, आणि अख्खं ट्रान्झॅक्शन रद्द. म्हणून आधी आयडी सेटमध्ये गोळा करा, एकच क्वेरी मारा, उत्तरं मॅपमध्ये ठेवा आणि मग लूप फिरवा.

शिवाय टेस्टमधून निदान ७५ टक्के कोड चालल्याशिवाय तो प्रोडक्शनवर जात नाही. (आपल्या अटेंडन्सचीच अट म्हणा ना!) टेस्टमध्ये मात्र २०० रेकॉर्ड टाकूनच बघा.