वादळाचा पाठलाग व पूर्वसूचना

वादळ येतांना दिसलें कीं गुरें सोडवून आणावीं, खळ्यावरील धान्य झांकावें आणि आपण घरांत बसावें, हा आपल्याकडील शहाणपणाचा रिवाज आहे. परंतु अमेरिकेंत असा एक वर्ग आहे, जो आकाश काळें होतांच मोटारींत बसून वादळाच्याच दिशेनें निघतो. टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस व नेब्रास्का हीं संस्थानें म्हणजे गव्हाचीं व गुरांचीं सपाट मैदानें. तेथें एप्रिल ते जून या महिन्यांत हे लोक शेंकडों मैल हिंडत असतात. प्रथमदर्शनीं हा वेडेपणा वाटेल, व कांहीं अंशीं तो आहेहि. तथापि या वेडांतून जें ज्ञान निघालें व त्यावर पूर्वसूचनेची जी व्यवस्था उभी राहिली, ती कृषिवलांनीं समजून घेण्यासारखी आहे.

ज्या वादळासाठीं ही धांवपळ, त्यास टोर्नेडो म्हणतात. आपल्या चैत्र-वैशाखांत तापलेल्या रानांत धुळीची वावटळ उठते, तिच्याशीं याचा घोंटाळा करूं नये. वावटळ जमिनीपासून निरभ्र आकाशांत वर चढते व थोडा पालापाचोळा उडवून विरून जाते. टोर्नेडो हा प्रचंड गडगडाटी मेघाच्या पोटांतून निघून जमिनीस टेंकणारा फिरत्या हवेचा खांब होय. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी उष्ण व दमट हवा खालीं, पश्चिमेकडील कोरडी हवा तिच्यावर, आणि जसजसें वर जावें तसतशी वाऱ्याची दिशा व गति बदललेली, असा योग जुळला म्हणजे सबंध मेघच स्वतःभोंवतीं फिरूं लागतो. अशा फिरत्या मेघांपैकीं थोड्यांपासूनच सोंड खालीं उतरते. कोणत्यापासून उतरेल हें आजहि निश्चित सांगतां येत नाहीं, आणि सर्व अडचणीचें मूळ येथेंच आहे.

१९२५ च्या मार्च महिन्याच्या १८ तारखेस मिसूरी, इलिनॉय व इंडियाना या तीन संस्थानांतून गेलेल्या एका टोर्नेडोनें ६९५ माणसें मारलीं. त्यांस पूर्वसूचना अशी मिळालीच नाहीं. याचें एक कारण मोठें चमत्कारिक आहे. १८८० नंतरच्या दशकांत जॉन फिन्ली नांवाच्या लष्करी अंमलदारानें जागोजागीं वार्ताहर नेमून टोर्नेडोच्या नोंदी जमविल्या व अंदाज वर्तविण्याचा प्रयत्नहि केला. पुढें मात्र सरकारी हवामान खात्यानें आपल्या अंदाजांत तो शब्दच वापरण्यास मनाई केली, आणि ती मनाई १९३८ पर्यंत चालली. शब्द ऐकून लोक घाबरतील व त्या भीतीनें नुकसान अधिक होईल, अशी समजूत. लोक घाबरतील म्हणून त्यांस कांहीं सांगावयाचें नाहीं, ही युक्ति प्रत्येक कचेरींत कोणी ना कोणी काढतोच. कारकुनींत असतां मींहि ती पुष्कळदां ऐकली आहे.

१९४८ च्या मार्चमध्यें २० तारखेस ओक्लाहोमांतील टिंकर या लष्करी विमानतळावर टोर्नेडो कोसळून विमानांची मोडतोड झाली. तेथील फॉबुश व मिलर या दोघां अधिकाऱ्यांनीं मागील नकाशे काढून, टोर्नेडोपूर्वीं हवेची स्थिति कशी असते तें ताडून पाहिलें. पांचच दिवसांनीं, २५ तारखेस, तोच योग त्यांस पुन्हां दिसला. त्यांनीं धैर्य करून सूचना दिली, आणि सायंकाळीं त्याच तळावर पुन्हां टोर्नेडो आला. अंदाज वर्तवितां येतो हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

पाठलाग करणाऱ्यांपैकीं डेव्हिड होडली हे गृहस्थ १९५६ पासून निव्वळ हौसेनें वादळामागें जात असत. १९७७ मध्यें त्यांनीं या विषयाला वाहिलेलें एक नियतकालिकहि काढलें. विद्वानांचा पाठलाग निराळा. १९७३ च्या मे महिन्यांत २४ तारखेस ओक्लाहोमांतील युनियन सिटी या गांवीं सरकारी प्रयोगशाळेच्या लोकांनीं एका टोर्नेडोची जन्मापासून अंतापर्यंत छायाचित्रें घेतलीं, व त्याच वेळीं दूर असलेल्या डॉपलर रडारनें त्याच मेघाची नोंद घेतली. पुढें दोन्ही ताडून पाहिलीं, तेव्हां टोर्नेडोची खूण रडारवर कशी उमटते तें प्रथमच कळलें. मोटारींत बसून गेलेला माणूस नसता, तर रडारवरील त्या ठिपक्यांचा अर्थ कोणी लावला असता?

आतां रडार आहे तर माणसाची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारील. पृथ्वी वाटोळी असल्यामुळें रडारचा किरण जसजसा दूर जावा तसतसा जमिनीपासून उंच होत जातो. साठ मैलांवर तो सुमारें एक मैल वर असतो. मेघाच्या तळाशीं काय चाललें आहे तें त्यास दिसतच नाहीं. म्हणून अमेरिकेच्या हवामान खात्यानें 'स्कायवॉर्न' नांवाची योजना चालविली आहे. शेतकरी, शिक्षक, पोलीस, टपालवाले अशा कोणासहि सुमारें दोन तासांचें शिक्षण विनामूल्य देतात. असे शिकलेले निरीक्षक तीन लाखांहून अधिक आहेत. ते वादळामागें धांवत नाहींत. आपल्या गांवींच सुरक्षित जागीं राहून, काय पाहिलें, कोठें, किती वाजतां, कोणत्या दिशेस, एवढेंच कळवितात. पंचनाम्यास जें लागतें तेंच येथें लागतें. भेद इतकाच कीं हा पंचनामा नुकसानीच्या आधीं होतो.

पाठलागाची किंमतहि सांगितली पाहिजे. टिम समारास हे या कामांतील अत्यंत सावध गृहस्थ समजले जात. २००३ मध्यें दक्षिण डकोटांतील मँचेस्टर गांवापाशीं त्यांनीं टोर्नेडोच्या वाटेवर ठेवलेल्या यंत्रानें वायुभारांत १०० मिलिबारची घट नोंदविली. २०१३ च्या मे महिन्यांत ३१ तारखेस ओक्लाहोमांतील एल रेनो येथें टोर्नेडोनें एकाएकीं दिशा बदलली व तो २.६ मैल रुंद झाला. त्यांत समारास, त्यांचे चिरंजीव पॉल व सहकारी कार्ल यंग हे तिघेहि प्राणांस मुकले. त्या दिवशीं हौशी लोकांच्या मोटारींनीं रस्ते भरले होते. केवळ चित्रें काढून मिरविण्यासाठीं जाणाऱ्यांचें मला कौतुक वाटत नाहीं.

सूचना दिली म्हणजे काम संपलें असेंहि नाहीं. २०११ च्या मे महिन्यांत २२ तारखेस मिसूरींतील जॉप्लिन शहरावर टोर्नेडो आला व १५८ माणसें मेलीं. भोंगा सुमारें वीस मिनिटें आधीं वाजला होता. परंतु भोंगे वारंवार वाजत व बहुधा कांहीं होत नसे. म्हणून पुष्कळांनीं दारांत येऊन आकाश पाहिलें, शेजाऱ्यास विचारलें, आणि तेवढ्यांत वेळ गेला. चौकशींत हें निघाल्यापासून इशाऱ्याची भाषा अधिक स्पष्ट करण्याकडे तेथील खात्यानें लक्ष दिलें.

आपल्या महाराष्ट्रांत शत्रु आहेत ते गारपीट व वीज. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चांत गारांनीं गहू, हरभरा, कांदा व द्राक्षें यांची धूळधाण केली. तेव्हां पंचनामे लिहितांना मला आढळलें कीं, नुकसान सर्वांस तोंडपाठ होतें, परंतु गार किती वाजतां आली, कोणत्या बाजूनें आली व किती मोठी होती, हें लिहून ठेवणारा गांवांत क्वचितच भेटे. एक वही व एक घड्याळ यांपलीकडे यास कांहीं लागत नाहीं.

विजेनें आपल्या देशांत दरवर्षीं दोन हजारांहून अधिक माणसें मरतात, व त्यांत रानांत काम करणारे पुष्कळ. भारतीय हवामान खातें पिवळा, नारिंगी व लाल अशा रंगांनीं इशारे देतें. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनें 'दामिनी' नांवाची सोय मोबाइलवर केली आहे. तींत जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना मिळते. मोबाइल नसला तरी, चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत आंकडे मोजावे. तीसच्या आंत ऐकूं आला तर वीज सहा मैलांच्या आंत आहे असें समजून काम सोडावें. पक्क्या घरांत किंवा बंद मोटारींत जावें. आंब्याच्या किंवा लिंबाच्या झाडाखालीं, उघड्या ट्रॅक्टरवर, तारेच्या कुंपणापाशीं अथवा विहिरीच्या पंपापाशीं थांबूं नये. गाड्याखालींहि शिरूं नये. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास लोटेपर्यंत गड्यांस पुन्हां रानांत पाठवूं नये, मग पाऊस थांबून ऊन पडलेलें कां असेना. कारण पुढें सरकलेल्या मेघाच्या कडेपासूनहि वीज मागें पडूं शकते.