विश्लेषण : फौजेतल्या वकिलाची कामगिरी मोजायची कशी?

प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला लष्करी पदकांची यादी जाहीर होते. सिंधुदुर्गात, त्यातही वैभववाडीसारख्या तालुक्यात, ही यादी मोबाइलवर बारकाईने वाचणारी घरे कमी नाहीत. कुणाचा भाऊ मराठा लाइट इन्फन्ट्रीत असतो, कुणाचे वडील सुभेदार म्हणून निवृत्त झालेले असतात. शौर्यपदक का मिळाले, याची गोष्ट नंतर सगळीकडे छापून येते. ‘विशिष्ट सेवा पदक’ मिळालेल्यांच्या नावापुढे मात्र बहुतेकदा हुद्दा आणि शाखा एवढेच असते. त्या शाखांमध्ये एखाद्या वर्षी एक अपरिचित नाव दिसते : जज ॲडव्होकेट जनरल विभाग, म्हणजेच ‘जॅग’. हे फौजेतले वकील. त्यांनी नेमके काय केले म्हणून पदक मिळाले, हे यादीतून कळत नाही. ते सांगणे अवघडही असते, कारण या वकिलाचे सर्वात चांगले काम बऱ्याचदा न झालेल्या अन्यायाच्या रूपात असते.

‘जॅग’ अधिकारी करतात काय?

लष्कराचा स्वतःचा कायदा आहे, लष्कर अधिनियम १९५०. हवाई दलाचा कायदाही त्याच वर्षीचा, नौदलाचा १९५७ चा. सैनिकाने शिस्त मोडली, पळून गेला, अफरातफर केली, वरिष्ठावर हात उगारला, तर त्याचा खटला लष्करी न्यायालयात, म्हणजे कोर्ट मार्शलमध्ये चालतो. तिथे न्यायाधीश असतात ते लष्करी अधिकारीच. कुणी तोफखान्यातला, कुणी पुरवठा विभागातला. बहुतेकांचे कायद्याचे शिक्षण झालेले नसते.

म्हणून त्यांच्याबरोबर जज ॲडव्होकेट बसतो. जनरल कोर्ट मार्शल हे सर्वात वरचे न्यायालय. त्यात किमान पाच अधिकारी असतात आणि फाशीपर्यंतची शिक्षा देता येते. अधिनियमाच्या कलम १२९ नुसार तिथे जज ॲडव्होकेट हजर असणे बंधनकारक आहे. त्याला मत नसते. आरोपी दोषी की निर्दोष, हे तो ठरवत नाही. कोणता पुरावा ग्राह्य आहे, प्रक्रियेत कुठे चूक होते आहे, कायदा काय म्हणतो, हे तो न्यायालयाला सांगतो आणि शेवटी साक्षीपुराव्यांचा गोषवारा मांडतो. फिर्यादी पक्ष आणि आरोपी, दोघांनाही त्याचा सल्ला मागण्याचा हक्क आहे. थोडक्यात, मत नसलेला पण सगळ्यात जास्त ऐकला जाणारा माणूस.

हे वजन सर्वोच्च न्यायालयानेही ओळखले आहे. चरणजित सिंग गिल प्रकरणात २००० साली न्यायालयाने म्हटले, की जज ॲडव्होकेट आरोपी अधिकाऱ्यापेक्षा खालच्या हुद्द्याचा असता कामा नये. मत नाही म्हणून हुद्दा कसाही चालेल, हा युक्तिवाद टिकला नाही.

खटल्यांपलीकडचे काम आणखी मोठे आहे. चौकशी समितीचा अहवाल कायद्याच्या कसोटीवर उतरतो का, खटला भरण्याइतका पुरावा आहे का, मुदत उलटली आहे का, प्रकरण लष्कराने चालवायचे की पोलिसांकडे द्यायचे, हे सल्ले सेनाधिकाऱ्यांना ‘जॅग’ अधिकारी देतात. शेवटचा प्रश्न मराठी वाचकांना नानावटी खटल्यामुळे ओळखीचा वाटेल. कमांडर नानावटी नौदलाचे अधिकारी होते, तरी १९५९ मध्ये त्यांच्यावरचा खुनाचा खटला मुंबईच्या सत्र न्यायालयात चालला. शांततेच्या काळात, देशातच, एका नागरिकाच्या खुनाचा आरोप असेल, तर साधारणपणे प्रकरण नागरी न्यायालयाकडेच जाते.

या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे केंद्र महाराष्ट्रातच आहे, नागपूरजवळच्या कामठी छावणीत. तिथल्या लष्करी कायदा संस्थेत ‘जॅग’ अधिकारी घडतात.

मग एखाद्या जवानाच्या आयुष्यात हा वकील येतो कुठे?

इथेच खरी मेख आहे. शिपाई, नाईक, हवालदार यांच्या वाट्याला येते ते बहुधा समरी कोर्ट मार्शल. इथे युनिटचा कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो. आणखी दोन अधिकारी किंवा कनिष्ठ अधिकारी बसतात, पण त्यांना शपथ नसते आणि मतही नसते. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरच्या हुद्द्याचा असेल, तर एक वर्षापर्यंतची कैद आणि बडतर्फी देता येते. शिक्षा वरून कायम करून घ्यावी लागत नाही, ती लगेच अमलात येते. जवानाला मदतीला एक ‘मित्र’ घेता येतो, पण त्याला साक्षीदारांची उलटतपासणी घेता येत नाही. खोलीत वकील नसतोच म्हटले तरी चालेल.

वकिलाचे डोळे या प्रकरणावर पडतात ते नंतर. कार्यवाहीची कागदपत्रे कमांड मुख्यालयातल्या उपजज ॲडव्होकेट जनरलमार्फत पुढे पाठवावी लागतात. प्रकरणाच्या गुणवत्तेवर आधारित कारणे असतील, तर वरिष्ठ अधिकाऱ्याला ती कार्यवाही रद्द करता येते किंवा शिक्षा कमी करता येते. वैभववाडीतल्या एखाद्या मुलाची नोकरी, निवृत्तिवेतन, घरची इभ्रत असे सगळे या एका फायलीत असू शकते. आणि ती फाइल वाचणाऱ्याचे नाव त्या घराला कधीच कळत नाही.

फाइल नीट वाचली गेली नाही, तर काय होते? रणजित ठाकूर हे सिग्नलमन होते. वरिष्ठांविरुद्ध तक्रार थेट वर पाठवली म्हणून त्यांना २८ दिवसांची कैद झाली. ती भोगत असताना २९ मार्च १९८५ रोजी त्यांना जेवण घेण्याचा हुकूम झाला, त्यांनी तो नाकारला. दुसऱ्याच दिवशी समरी कोर्ट मार्शल. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार होती, तेच न्यायासनावर. शिक्षा : एक वर्ष सक्तमजुरी आणि बडतर्फी. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ती रद्द केली, पक्षपाताच्या कारणाने आणि गुन्ह्याच्या मानाने शिक्षा अवाजवी असल्यानेही. ठाकूर यांना सर्व लाभांसह परत घेण्याचा आदेश झाला. हा निकाल आज कायद्याच्या पुस्तकांत शिकवला जातो. पण दोन वर्षे आधी कुण्या लष्करी वकिलाने ‘हे टिकणार नाही’ असे लिहून फाइल थांबवली असती, तर निकालच नसता. त्या वकिलाला पदक देण्यासाठी दाखवायला काहीही नसते. संगणकाची मोठी यंत्रणा बंद पडू न देणाऱ्याचा सत्कार होत नाही, बंद पडलेली सुरू करणाऱ्याचा होतो. त्यातलाच हा प्रकार.

लष्करी न्यायालयापुढे आरोपीला हवी तशी कायदेशीर मदत न मिळाल्यास काय होते, हे महाराष्ट्राने कुलभूषण जाधव प्रकरणात पाहिले. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने त्यांना दिलेली फाशीची शिक्षा १० एप्रिल २०१७ रोजी जाहीर झाली. भारतीय उच्चायुक्तालयाला त्यांना भेटूच दिले नव्हते, त्यामुळे भारताला वकील मिळवून देणेही शक्य झाले नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताची बाजू हरीश साळवे यांनी मांडली आणि १७ जुलै २०१९ च्या निकालात पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचा भंग केल्याचे स्पष्ट झाले.

गौरव कसा होतो?

भारतात लष्करी वकिलांसाठी वेगळे राष्ट्रीय पदक नाही. सर्व शाखांना लागू असलेली विशिष्ट सेवा पदकेच त्यांना मिळतात. ही पदके २६ जानेवारी १९६० रोजी तीन वर्गांत सुरू झाली आणि १९६७ पासून परम विशिष्ट, अति विशिष्ट व विशिष्ट सेवा पदक या नावांनी दिली जातात. त्याशिवाय सेनाप्रमुखांचे प्रशस्तिपत्र असते. ‘जॅग’ विभागाचा प्रमुख मेजर जनरल हुद्द्याचा असतो. मेजर जनरल नीलेंद्र कुमार २००१ ते २००८ या काळात त्या पदावर होते. त्यांना अति विशिष्ट आणि विशिष्ट अशी दोन्ही सेवा पदके मिळाली. लष्करी कायद्यावरची त्यांची पुस्तके या क्षेत्रात वापरली जातात. लेफ्टनंट कर्नल ज्योती शर्मा २०१९ मध्ये सेशेल्सला लष्करी कायदेतज्ज्ञ म्हणून गेल्या. परदेशी मोहिमेवर गेलेल्या त्या पहिल्या महिला ‘जॅग’ अधिकारी.

एक गौरव पदकाचा नाही, पण कदाचित जास्त मोलाचा आहे. सशस्त्र दल न्यायाधिकरण अधिनियम २००७ ने तयार झालेल्या न्यायाधिकरणात प्रशासकीय सदस्य होण्याची वाट मूळ कायद्याने माजी जज ॲडव्होकेट जनरलनाही खुली ठेवली. या न्यायाधिकरणाचे मुंबईतही खंडपीठ आहे. सिंधुदुर्गातला जवान निवृत्तिवेतनाचा किंवा शिक्षेचा वाद घेऊन जातो तो तिथेच.

अडचण कुठे आहे?

पदकाची शिफारस करणारे, बढती ठरवणारे, गोपनीय अहवाल लिहिणारे सगळे लष्कराच्या उतरंडीतलेच. आणि या वकिलाचे काम कधी कधी त्याच उतरंडीला ‘साहेब, हे कायद्यात बसत नाही’ असे सांगण्याचे. ‘हो’ म्हणणारा सल्लागार सोयीचा असतो, ‘नाही’ म्हणणारा उपयोगी. कोणत्याही कार्यालयात यातल्या पहिल्याला चांगला शेरा मिळण्याची शक्यता जास्त असते, फौज त्याला अपवाद असेलच असे मानण्याचे कारण नाही.

अमेरिकेत याचे ठळक उदाहरण घडले. नौदलातले लष्करी वकील लेफ्टनंट कमांडर चार्ल्स स्विफ्ट यांच्याकडे ग्वांतानामोतला कैदी सलीम हमदान याचे वकीलपत्र सोपवण्यात आले. हमदान हा ओसामा बिन लादेनचा चालक. त्याने गुन्हा कबूल करावा, अशी वरून अपेक्षा होती. स्विफ्ट यांनी उलट त्या लष्करी आयोगांनाच आव्हान दिले. २९ जून २००६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला : हे आयोग बेकायदा आहेत. त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांत स्विफ्ट यांना कळले, की त्यांना बढती मिळालेली नाही. तिथल्या नियमानुसार बढती नाही म्हणजे निवृत्ती. बाहेरच्या वकीलविश्वाने मात्र त्यांना देशातल्या सर्वात प्रभावशाली वकिलांत गणले.

ब्रिटनने वेगळा मार्ग धरला. १९९७ च्या फिंडले प्रकरणात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तिथल्या कोर्ट मार्शलच्या स्वातंत्र्यावर बोट ठेवले. आज तिथे कोर्ट मार्शलमध्ये बसणारे जज ॲडव्होकेट हे लष्करी अधिकारी नसून नागरी न्यायाधीश असतात. भारतात तो बदल झालेला नाही. निदान गौरवाची निवड करताना बाहेरच्या निवृत्त न्यायाधीशांचे मत घेणे, पुनर्विलोकनात किती शिक्षा रद्द वा कमी झाल्या याची नावे वगळून माहिती प्रसिद्ध करणे, एवढे करायला कायदा बदलण्याचीही गरज नाही.

घरच्या जमिनीच्या वादात ‘जॅग’ मदत करतो का?

कोकणातल्या फौजी कुटुंबांचा सर्वाधिक जिव्हाळ्याचा प्रश्न हाच. सामायिक सातबारा, हद्दीचा वाद, वहिवाटीची वाट, आणि मुलगा सीमेवर. ‘जॅग’ अधिकारी जवानाच्या वतीने दिवाणी न्यायालयात उभा राहत नाही. पण कायद्यात दोन तरतुदी आहेत, ज्या गावाकडे फारशा कुणाला माहीत नसतात. लष्कर अधिनियमाच्या कलम ३२ नुसार जवानाने रजेचे प्रमाणपत्र दाखवल्यास न्यायालयाने शक्यतो त्याच्या रजेच्या काळातच सुनावणी लावायची असते. आणि भारतीय सैनिक (दावे) अधिनियम १९२५ खाली, विशेष परिस्थितीत सेवेवर असलेल्या सैनिकाविरुद्धचा दावा पुढे ढकलता येतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २६ जुलै २०२५ रोजी ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली. तिच्यात सैनिक कल्याण मंडळांत कायदेशीर मदतीची केंद्रे उघडण्याची तरतूद आहे.

या शाखेत जायचे कसे?

वैभववाडीतून करूळ घाट चढून कोल्हापूरला कायदा शिकायला जाणाऱ्या मुलामुलींसाठी ही वाट खुली आहे. कायद्याच्या पदवीला किमान ५५ टक्के गुण, वय २१ ते २७, पदव्युत्तर ‘क्लॅट’ परीक्षेचे गुण, मग पाच दिवसांची एसएसबी मुलाखत आणि ४९ आठवड्यांचे प्रशिक्षण. जागा मोजक्याच असतात.

महिलांना स्थायी कमिशन देण्याची सुरुवात लष्कराने २००८ मध्ये केली, ती ‘जॅग’ आणि शिक्षण या दोन शाखांपासून. उरलेल्या बहुतेक शाखांसाठी फेब्रुवारी २०२० पर्यंत, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या बबिता पुनिया निकालापर्यंत थांबावे लागले. पण जी शाखा या बाबतीत पुढे होती, तिच्याच दारात मुलींना कमी जागा होत्या. ३१ व्या ‘जॅग’ प्रवेश तुकडीत मुलांसाठी सहा आणि मुलींसाठी तीन. अर्शनूर कौर आणि आस्था त्यागी या मुलींच्या यादीत चौथ्या आणि पाचव्या आल्या. निवड झालेल्या काही मुलांपेक्षा त्यांचे गुण जास्त होते, तरी जागा मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांच्या खंडपीठाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी ही विभागणी रद्द केली आणि यापुढे सर्व उमेदवारांची एकच गुणवत्ता यादी लावण्यास सांगितले. अर्शनूर कौर यांना पुढच्या उपलब्ध प्रशिक्षण तुकडीत घेण्याचा आदेश झाला. आस्था त्यागी मात्र खटला सुरू असतानाच नौदलात दाखल झाल्या होत्या.